अठरा वर्षांवरील बाल हक्क मंच

आमच्या घराचा पोर्च मी स्कूटरसाठी बांधला होता आणि त्यात ती जेमतेम दीड महिना उभी राहिली. त्यानंतर तिथे जे काही उभं राहिलं, त्याची हकिगत सांगायला लागलो की लोक हसतात. मीही निम्म्यापर्यंत हसतो.

दोन हजार एक सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या अलीकडच्या एका नव्या सोसायटीत राहत होतो. मी सरकारी नोकर. खात्याचं नाव सांगत नाही, पण त्याचा संबंध पाण्याशी येतो. माझी मुलगी श्रुती नववीत होती आणि एके दिवशी ती शाळेतून हक्क घेऊन घरी आली. कुणीतरी बाई शाळेत व्याख्यान देऊन गेल्या होत्या. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून मुलांना हक्क दिलेत आणि ते आमच्या घरात पोचलेले नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

"बाबा, मुलांशी संबंधित प्रत्येक गोष्टीत मुलांना मत मांडायचा हक्क आहे," ती जेवताना म्हणाली.

"मांड की."

"मला कारलं नको."

"मांडलंस ना मत?" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "आता खा."

राज्यकारभार कसा चालतो हे आमच्या घरात फक्त हिला कळलं होतं.

पण श्रुती एकटी नव्हती. मागच्या गल्लीतला धम्मपाल तिच्याच वर्गात होता. वडील वीज मंडळात इंजिनिअर, पोरगा हाडकुळा, गंभीर. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट जिथे असतो तिथे त्यांच्या घरी राज्यघटनेचं पुस्तक असायचं, आणि बाकीची पोरं क्रिकेटपटूंचे आकडे पाठ करतात तशी याला कलमं पाठ होती. या दोघांनी आठवडाभरात 'बाल हक्क मंच' काढला. पुढच्या आठवड्यात त्यांना सोसायटीमागच्या मोकळ्या रानात ऊसतोड्यांच्या खोप्या दिसल्या.

खोप्या आम्हालाही दिसत होत्या. दरवर्षी दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात, पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात, कारखाना बंद झाला की रान मोकळं होतं. पावसाळा-हिवाळ्यासारखंच ते. पण या दोघांना तिथे बावीस-पंचवीस पोरं दिसली आणि त्यातलं एकही शाळेत जात नव्हतं.

"काका, शिक्षण हा त्यांचा हक्क आहे," धम्मपाल मला म्हणाला.

"अगदी बरोबर," मी म्हणालो. तत्त्वाला पाठिंबा द्यायला मी कधीच कचरत नाही.

"म्हणून आम्हाला तुमचा पोर्च पाहिजे."

अशा रीतीने स्कूटर रस्त्यावर आली.

शेजारच्या गणपतरावांना ही बातमी माझ्याआधी कळली असावी, कारण मी स्कूटर बाहेर काढतोय तोवर ते फाटकाशी उभे होते. गणपतराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. साधं 'नमस्कार' म्हणाले तरी पुण्याची गाडी लागल्यासारखं वाटायचं.

"अण्णासो! पोर्चात शाळा काढतायसा म्हणं?"

"पोरं काढतायत."

"पोरं काढतील, पन घरफाळा तुमास्नी वाढून येनार! शाळा म्हंजे व्यापारी वापर. आनि चपला बाहेर न्हाय, आत काढून ठेवाय सांगा. न्हायतर माझ्या दारात ढीग लागतोय बगा."

"त्यांच्या पायांत चपला नाहीत हो," श्रुती म्हणाली.

गणपतराव गप्प झाले. त्यांच्या आयुष्यातली ती दुर्मीळ घटना असावी, पण ती फार वेळ टिकली नाही. "मग पाय धुऊन घ्या," असं सांगून ते आत गेले.

पहिल्या दिवशी पोरं आली. पण येताना कडेवर आणखी पोरं घेऊन आली. आई-बाप उसात गेल्यावर धाकट्यांना सांभाळायचं काम थोरल्यांचं, हे मंचाच्या जाहीरनाम्यात कुठेच नव्हतं. बारा-तेरा वर्षांची कालिंदा म्हणून एक मुलगी होती. लख्ख डोळ्यांची, तेलाविना भुरकटलेल्या केसांची. तिच्या कडेवर भाऊ, झग्याला धरून बहीण. ती दारातूनच म्हणाली, "ताई, म्या बसते की शिकायला. पण ह्याला कोन धरणार?"

त्याच वेळी मी कचेरीतून आलो.

मी पंधरा वर्षांची सेवा झालेला कर्मचारी. माझ्या हातात पिशवी, पिशवीत एक महत्त्वाची फाईल. श्रुतीने पिशवी काढून घेतली आणि बाळ दिलं. बाळाने माझ्याकडे पाहिलं, मी बाळाकडे पाहिलं. आमचं काही जमण्यासारखं नव्हतं. तरी मी त्याला मांडीवर घेऊन, वेळ जावा म्हणून फाईल उघडली. एका पाझर तलावाची फाईल होती ती. नऊ वर्षं तलाव कागदावरच होता आणि त्या संध्याकाळी त्याच्यावर प्रथमच पाणी आलं.

पुढे पुढे तर दूध घालणाऱ्या बाळाबाईही गुंतल्या. "असली बारकी पोरं बिनदुधाची ठेवून काय शिकीवतासा गं?" असं श्रुतीलाच झापून त्यांनी रोज एक चरवी आणायला सुरुवात केली. चरवीपाठोपाठ त्यांची शेळी यायची. शेळीने एका दुपारी मंचाचा जाहीरनामा खाल्ला. धम्मपालने तो तोंडपाठ असल्यामुळे पुन्हा लिहून काढला.

हे सगळं चालवायची ती खरं तर कालिंदा. श्रुती मोठ्याने वाचायची, धम्मपाल फळ्यावर लिहायचा, पण पोरांना ओळीत बसवणं, रडणाऱ्याला उचलणं, मारामाऱ्या सोडवणं हे तिचं. तिची चौथी झालेली होती. पाचवीत नाव घातलं की दिवाळीला टोळी निघायची. मग गैरहजेरीमुळे नाव कमी व्हायचं. दोन वर्षं हेच झालं होतं. आमच्याकडच्या मुली मुलग्यांसारखं "मी येतो, मी जातो" म्हणतात याचं तिला इतकं हसू यायचं, की श्रुती "मी सांगतो तुला" म्हणाली की ती तोंडावर हात धरून म्हणायची, "सांगा की दादा!"

जानेवारीत एके दिवशी तिची आई, आसराबाई, रानातून परस्पर आमच्या फाटकाशी आली. कपाळावर उसाच्या पातीचे ओरखडे. ती आत येईना.

"सायेब, हितं शिकली असं कागदावर लिहून भेटंल का? आमच्याकडं तालुक्याला मुलींचं वसतिगृह हाय. पाचवीची हजेरी दावली तर परीक्षेला बसू देत्यात, मंग सहावीला तिथंच ठिवून घेत्यात."

"मिळेल की," मी म्हणालो. सरकारी नोकराला असं बोलण्याची सवय असते.

"भेटलं तर लई बरं व्हईल. तिचा बाप म्हंतोय, ह्या उन्हाळ्यात लगीन लावून उजवून टाकू. कागद आला तर मला त्याला आडवता येईल. तोंडानं सांगून ऐकायचा न्हाई त्यो."

त्या दिवसापासून मंचाचं एकच काम उरलं. कालिंदाचा दाखला.

ज्या कचेरीत आम्ही गेलो तिचंही नाव सांगत नाही. खिडकीतल्या गृहस्थांनी आमचा अर्ज न उघडताच विचारलं, "मुलं कुठली?"

"बीडची," मी म्हणालो.

"मग बीडला जावा."

"पण मुलं इथं आहेत."

"इथं हाईत, पन इथली न्हाईत." त्यांनी समजुतीने सांगितलं. "आनि अर्जदार कोन?"

"मी," धम्मपाल पुढे झाला.

"वय काय तुझं?"

"पंधरा."

"पालकाला आन."

"पण हा हक्कच मुलांचा आहे."

"हक्क मुलांचा, अर्ज पालकांचा. पुढचं कोन हाय?"

पुढच्या खेपेला कळलं की पालकही चालत नाही, संस्था लागते. संस्था म्हणजे नोंदणीकृत. नोंदणीला सात सभासद लागतात आणि सातही अठरा वर्षांवरचे. हे ऐकून धम्मपाल कचेरीच्या बाकावर बसला.

"काका, म्हणजे आमच्या मंचात आम्हीच नाही?"

"तसं कागदोपत्री फक्त," मी म्हणालो. याहून वाईट उत्तर मला तरी सुचलं नाही.

तर बाल हक्क मंचाचा मी अध्यक्ष झालो, गणपतराव सचिव झाले आणि बाळाबाईंनी अंगठा उमटवून खजिनदारपद स्वीकारलं. उरलेल्या चौघांत आमच्या सौभाग्यवती आणि धम्मपालचे आई-वडील होते. एक सभासद कमी पडत होता म्हणून गणपतरावांनी आपले सासरे घातले. त्यांचं वय ब्याऐंशी होतं आणि बाल हक्क म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सचिवपद गणपतरावांच्या अंगात भिनलं. त्यांनी शिक्का करून आणला. फाटकावर पाटी लावली, तीत 'संस्थापक सचिव' ही अक्षरं संस्थेच्या नावाहून मोठी होती. मग ते म्हणाले की उद्घाटन झाल्याशिवाय संस्थेला वजन येत नाही. उद्घाटन झालं. मंडप, हार, कोल्हापुरी फेटे, गल्लीतले एक पुढारी. भाषणं इतकी लांबली की मुलं पेंगली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात सगळे फेटे होते आणि एकही मूल नव्हतं. उजव्या कोपऱ्यात शेळीचं तोंड मात्र स्पष्ट आलं होतं.

श्रुतीने तो फोटो टेबलावर ठेवला. "बाबा, यात तीन आठवडे गेले."

"संस्थेला वजन आलं," मी म्हणालो.

"कालिंदाला काय आलं?"

मी पेपर घडी करून ठेवला.

त्यानंतर श्रुती आणि धम्मपालने आम्हाला काही विचारलं नाही. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी माझ्या कचेरीत बसलो असताना आमच्या साहेबांनी आत बोलावलं.

"अण्णासो, तुमची कन्या तिकडं कचेरीच्या पायऱ्यांवर बसलीय म्हणे. बावीस मुलं घेऊन."

"असेल सर."

"काय करतायत?"

"पाढे म्हणत असतील."

"कुणाच्या विरोधात?"

मला पाढ्यांची बाजू नीट मांडता आली नाही. मी स्कूटर काढली आणि तिकडे गेलो.

खरंच शाळा भरली होती. पायऱ्यांवर ओळीने पोरं, हातात पाट्या, सगळ्यात वर कडेवर भाऊ घेतलेली कालिंदा. घोषणा नाही, फलक नाही. सरकारी कचेरीला घोषणांची सवय असते, त्या ऐकत फायली चांगल्या लिहून होतात. पण "सतरा साते एकोणीसासे" असं बावीस गळ्यांतून आल्यावर आत काम करणं कठीण. पुढे "सतरा आठ्ठे" म्हणून पोरं अडली. मग खिडकीतले तेच गृहस्थ न राहवून ओरडले, "छत्तीसासे! म्हना म्होरं!"

त्यानंतर एक मॅडम बाहेर आल्या. मोठ्या पदावरच्या असाव्यात, कारण त्या आल्यावर शिपायाने विडी विझवली. त्या पायरीवर बसल्या, म्हणजे खरोखर खाली बसल्या, आणि धम्मपालचं सगळं ऐकून घेतलं. गुरुवारी पोर्चात तपासणीला येते म्हणाल्या.

आणि आल्या. गणपतरावांनी आणलेला हार त्यांनी बाजूला ठेवला. कालिंदाला वाचायला लावलं, तिने वाचलं. भागाकार घातला, तिने सोडवला आणि बाकी राहिलेली तीन का राहिली तेही सांगितलं.

"हुशार आहेस," मॅडम म्हणाल्या. "मोठेपणी काय व्हायचंय तुला?"

"सहावीत जायचंय," कालिंदा म्हणाली.

मॅडमनी चष्मा पुसला. दाखला देऊ म्हणाल्या. तिथेच लिहून काढला. फक्त वरच्या साहेबांची सही तेवढी बाकी, आणि साहेब प्रशिक्षणाला बाहेरगावी गेलेले, आले की लगेच.

त्या वर्षी ऊस कमी होता. साहेब यायच्या आत कारखाना बंद झाला.

आम्हाला कळलं ते सकाळी पोर्च रिकामा राहिला तेव्हा. श्रुती तशीच धावत रानाकडे गेली, तिच्यामागे मी स्कूटरवर. खोप्या मोडून झाल्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पातेली, बाजली, कोंबड्यांचा खुराडा, त्याच्यावर माणसं. सगळ्यात वर भावाला मांडीत घेऊन कालिंदा बसली होती.

"ताई, आला का कागद?" तिने वरूनच विचारलं.

"येणार. पाठवतो मी! गावाच्या पत्त्यावर पाठवतो!"

कालिंदा हसली. "पाठवा की दादा."

आसराबाई नुसती बघत होती. ट्रॅक्टर निघाला. श्रुती धुरळ्यात थोडं अंतर पळाली, मग थांबली. मी तिला स्कूटरवर बस म्हणालो, तर ती चालतच घरी आली.

दाखला पुढच्या आठवड्यात मिळाला. फार देखणा दाखला. दोन सह्या, तीन शिक्के. गणपतरावांना त्याच्यासोबत फोटो काढायचा होता. धम्मपाल 'नाही' म्हणाला, आणि असं म्हणाला की गणपतराव कॅमेरा घेऊन घरी गेले. रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच आली. त्या दिवशी आमच्या घरी बासुंदी झाली आणि बाळाबाईंनी दुधाचे पैसे घेतले नाहीत. उन्हाळाभर आम्ही सगळे कालिंदा आता वसतिगृहात आहे असंच धरून चाललो होतो. श्रुतीने तिच्यासाठी सहावीची जुनी पुस्तकं कव्हरं घालून ठेवली होती, पत्ता कळला की पाठवायला.

पुढच्या दिवाळीनंतर खोप्या पुन्हा आल्या. श्रुती आणि धम्मपाल आता दहावीत, क्लासचं ओझं. तरी दोघांनी पोर्च झाडला, फळा धुतला. पोरं धावत आली, सगळ्यांची उंची वाढलेली. सचिवांनी सगळ्यांना पाय धुवायला लावले. मी पुन्हा एका बाळाचा मालक झालो.

संध्याकाळच्या सुमाराला फाटकाशी एक बाई उभी दिसली. डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या. मी म्हणालो, "या की आत." तिने मान वर केली तेव्हा मला ती कालिंदा आहे हे कळलं.

श्रुती फळ्यापाशी होती. तिच्या हातातला खडू तसाच राहिला.

"कागद मिळाला नाही का तुला?"

"मिळाला की. मास्तरांनी वाचून दावला समद्यांना. लई चांगलं लिव्हलं व्हतं." ती खाली बघून म्हणाली. "तवर लगीन लागलं व्हतं, ताई. चार दिस झाले व्हते."

धम्मपाल पुढे आला. "हा गुन्हा आहे. कायदा आहे याला. आपण आत्ता पोलिसांकडे जाऊ. काका, चला."

"नगं दादा!" कालिंदाने फाटकाचा गज धरला. "आईला धरून न्हेतील. तिनं लई भांडण केलं बापासंगं. तिला मारलं त्यानं. तुमच्या पाया पडते, नगं."

धम्मपालने माझ्याकडे पाहिलं. मी मंचाचा अध्यक्ष होतो, नोंदणीकृत. सातही सभासद त्या वेळी हाकेच्या अंतरावर होते. आमच्यापैकी कुणालाच त्याला काय सांगावं ते कळेना. गणपतराव आपल्या दारात उभे होते. धम्मपाल चपला घालून निघून गेला. पुढे तो वकील झाला, बायकामुलांचेच खटले चालवतो. पण त्या दिवशी तो कारखान्याच्या रस्त्याने नुसता चालत सुटला होता, असं त्याच्या आईने सांगितलं.

श्रुती फाटकाबाहेर गेली. दोघी एकाच उंचीच्या झाल्या होत्या. श्रुतीने तिचा हात धरला. कालिंदाच मग म्हणाली, "धाकटीला पाठवते उद्याधरनं. तिचा कागद ह्या बारीला आधीच करायला घ्या."

"घेतो," श्रुती म्हणाली. कालिंदा या वेळी हसली नाही.

"आणि तो... कसा आहे?" श्रुतीने विचारलं.

"कोन, मालक व्हय?" कालिंदाने पदर सारखा केला. "बरा हाय. लहानच हाय त्यो बी. सातवीतून काढला त्याला." मग तिने पोर्चातल्या पोरांकडे पाहिलं. "त्याला घेता का शाळंत? दुपारच्याला मोकळा असतोय."

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या, त्या तिथून बाजूला झाल्या. श्रुती म्हणाली, "पाठव."

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मिसरूडही न फुटलेला, ओशाळा पोरगा. पाय धुऊन आला आणि मागच्या ओळीत बसला. श्रुतीने त्याला कव्हरं घातलेली पुस्तकं दिली. अक्षर चांगलं होतं त्याचं. तो हंगाम संपेपर्यंत रोज यायचा.

"कालिंदा नाही आली?" श्रुती त्याला रोज विचारायची.

"तिला सैपाक असतो," तो सांगायचा आणि पुस्तक उघडायचा.